राखणीची शिट्टी

दाराच्या कडीला शिट्टी लटकलेली दिसली आणि तिचं डोकंच फिरलं.

पहाटेपासून ती जनावरांच्या डॉक्टरांबरोबर वस्त्या पालथ्या घालत होती. त्या हिवाळ्यात लाळ-खुरकुताची साथ आली होती. आसपासच्या गावांत गाईंच्या तोंडाला फेस येत होता, खुरं चिघळत होती, भरल्या कासेच्या म्हशी बघता बघता आटत होत्या. साथ जिथे पोचली नव्हती तिथल्या जनावरांना लस टोचायला डॉक्टर आपल्या शिकाऊ सहायकांना रोज घेऊन जायचे. शिकाऊंमध्ये बाई ती एकटीच. आज एका म्हशीने तिला भिंतीशी दाबलं होतं, दंड काळानिळा झाला होता, साडीचा काठ शेणाने कडक झाला होता. ऊन पाणी अंगावर घ्यायचं आणि घटकाभर पाठ टेकायची, एवढाच तिचा मनसुबा होता. आणि दारावर ही शिट्टी!

ती राहायची ते घर म्हणजे एकेकाळचं धान्याचं गोदाम. मध्ये भिंती घालून ओळीने खोल्या काढलेल्या, पुढे सलग ओसरी, अंगणात एक नळ. एकट्या आईला नाहीतर एकट्या बापाला इथे खोली मिळायची, ती शिक्षण पुरं होऊन हाताला काम लागेपर्यंत. अटी दोनच. शिकणं सोडायचं नाही आणि मुलांची राखण वाटून घ्यायची. ज्याची राखण असेल तो त्या दिवशी घरी थांबायचा, सगळ्यांची पोरं सांभाळायचा आणि गळ्यात शिट्टी घालायचा. लांब शिट्टी म्हणजे पोरांनी अंगणात जमायचं, आखूड शिट्टी म्हणजे गप्प बसायचं. संध्याकाळी ती शिट्टी शेजारच्या दाराला लागायची. राखणीच्या त्या एका दिवसाची सुट्टी शिकवणाऱ्या मंडळींनीही कबूल केली होती. त्याच्या वर खाडा झाला तर तो ज्याचा त्याच्या माथी.

शिट्टी मुठीत धरून ती तशीच नळावर गेली. तिथे गवंडी धाकटीला शेजारी उभी करून तिचा झगा पिळत होता. तीन मुलींचा बाप. बायको आजारपणात गेली आणि पाठोपाठ हा परांचीवरून पडला. एक पाय आखूड झाला, भिंतीवर चढणं संपलं. आता तो बसून करायचं काम शिकत होता, पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरायचं. शेजारी नर्सबाई भांडी घासत होती. ती अजून नर्स झाली नव्हती, पण घरात नाव आधीच पडलं होतं.

"परत माझीच राखण?" शिट्टी दाखवत तिने विचारलं. "आत्ता तर झाली होती."

"अगं, फिरत फिरत आली," नर्सबाई म्हणाली. "दारं तरी किती आहेत आपली?"

"दारं कशाला मोजता? डोकी मोजा. आमच्या गावात गुरं राखायचे दिवस डोक्यावर असतात. ज्याची तीन गुरं त्याचे तीन दिवस, ज्याचं एक त्याचा एक. इथे मला एकच पोरगी, तरी माझाही एक दिवस आणि तीन पोरींच्या बापाचाही एकच. हा कुठला न्याय?"

नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही.

"पोरं म्हणजे काय गुरं आहेत का गं?" नर्सबाई हळूच म्हणाली.

"तेवढं मलाही कळतं. मी हिशेबाचं बोलते."

गवंड्याने झगा दोरीवर टाकला. हात पँटला पुसले. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. "बरोबर आहे," तो म्हणाला. "ओळंबा लावून बघितलं तर ताईंचीच भिंत सरळ आहे." त्याने तिच्या हातातली शिट्टी घेतली, आपल्या गळ्यात घातली आणि लंगडत खोलीत गेला.

ती त्या रात्री अशी झोपली की तिच्या लेकीने, चिंगीने, लाथा मारून पांघरूण काढून घेतलं तरी तिला पत्ता लागला नाही.

पुढचे दिवस तिला मोकळे गेले. ती डॉक्टरांबरोबर जायची, बुजऱ्या कालवडीला दाव्याने लाकडी दांड्यांच्या खोड्यात कसं घ्यायचं, मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई कुठे घालायची, ताप कसा बघायचा, हे हातात बसत होतं. परीक्षा तोंडावर आली होती. पास झाली तर डॉक्टर तिला दवाखान्यातच घेणार होते आणि दवाखान्यामागची खोली राहायला मिळणार होती. नापास झाली तर वर्षभर तेच दळण. आणि वर्षभरात काय होईल कोण सांगणार? परत दिराच्या दारात जायची वेळ आली तर, हा एक विचार मनात आला की ती अंथरुणातून उठून वही उघडायची. शिट्टी आता फिरून गवंड्याकडे आली की तीन दिवस तिथेच मुक्काम ठोकायची. तिने ते बघितलं होतं. हिशेबाप्रमाणे चाललंय, म्हणून तिने मान दुसरीकडे वळवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांची गाडी नेमकी दिराच्या गावाला लागली.

नवरा ट्रॅक्टरखाली गेल्यावर तिने दिराच्याच घरात दिवस काढले होते. दिराने तिला हाकललं नाही, मारलं नाही, शिवीही दिली नाही. ताटावर बसली की फक्त म्हणायचा, "खाणारी तोंडं दोन आणि राबणारे हात एकीचे." मग ती घास न चावता गिळायची आणि गोठ्यात जाऊन दोघींचं काम उपसायची. गाय अडली म्हणून एकदा हेच डॉक्टर आले होते. बारावी झालेली बाई शेण काढतेय हे कळल्यावर त्यांनीच तिला कोर्सचं सांगितलं आणि या घराचंही.

आज दिराने डॉक्टरांना खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या दिला. तिच्याकडे बघून म्हणाला, "आलीच आहेस तर आधी तेवढं शेण ओढून घे. मग टोच."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात तिने खोरं उचललं होतं. हाताला सवयच तशी होती. शेण ओढून झाल्यावर मात्र तिला स्वतःचाच राग आला. हात धुऊन ती तांबड्या गाईपाशी गेली. गाईने तिला ओळखलं, खांद्यावर नाक घासलं.

दीर डॉक्टरांना सांगत होता, "दोन वर्षं ठेवली आम्ही हिला. कधी वाईट बोललो नाही, विचारा तिला. डोकी मोजली आणि तेवढंच काम सांगितलं. मी आपला हिशेबाचं बोलतो."

तिची सुई हवेतच थांबली. हेच वाक्य. हेच शब्द ती नळावर बोलली होती, तीन पोरींच्या बापाला, त्याची धाकटी चड्डी सावरत शेजारी उभी असताना. त्या घरातून येताना तिने एक पत्र्याची पेटी आणि चिंगी एवढंच आणलं असं तिला वाटत होतं. दिराची जीभही आपण बरोबर बांधून आणली, हे तिला आत्ता कळत होतं. लाजेने तिचे कान तापले.

"बाई, टोचा," डॉक्टर म्हणाले. तिने टोचलं.

परत आली तेव्हा फाटकाशी एक बाई उभी होती. दर बाजाराच्या दिवशी खोली रिकामी झाली का विचारायला यायची, दोन कडेवर दोन जुळी पोरं घेऊन. पोरं चालायच्या वयाची होती, पण ती त्यांना खाली म्हणून ठेवायची नाही.

"ताई, खोली सुटतेय म्हणे," तिने विचारलं.

"कुणाची?"

"त्या लंगड्या गवंडीदादांची. आत बोलत होत्या मावशी, कानावर आलं. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं नाही हो मनात. पण सुटली तर मला सांगाल?"

तिने त्या बाईला फाटकाशीच सोडलं. चपलाही न काढता ती मावशींच्या खोलीत गेली. मावशी घर सांभाळायच्या. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"खरं आहे," मावशी म्हणाल्या. "त्याचे मास्तर येऊन गेले. खाडे फार झालेत. उद्या परीक्षा आहे, जळकी मोटार भरून फिरवून दाखवायची. उद्या आला तर मागचं सगळं विसरतो म्हणाले. नाही आला तर नाव कमी. नाव कमी झालं की मी खोली ठेवू शकत नाही, पोरी. बाहेर किती जण ताटकळतायत, बघतेस ना."

"मग जाऊ दे ना त्यांना उद्या!"

"जाईल तर ना! उद्या राखण त्याची. मी म्हटलं मी बघते पोरांकडे. तर म्हणतो, तुमच्या गुडघ्यांवर माझ्या पोरींचं ओझं नको. नर्सबाईची उद्या ड्युटी. आणि तुझी..."

"माझीही परीक्षा आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला बोलले नव्हते."

गवंडी ओसरीवर थोरलीची वेणी घालत होता. दातांत रिबीन, समोर कंगवा. भांग असा सरळ पाडला होता की सुतळी लावून बघावी. ती समोर जाऊन उभी राहिली.

"गवंडीभाऊ, माझं चुकलं. उद्या तुम्ही परीक्षेला जा."

त्याने रिबीन दातांतून काढली. "चुकलं कुठे? तीन आहेत त्या आहेत. डोकी माझी, दिवस माझे."

"मी रागाच्या भरात बोलले हो."

"ताई, बांधकामावर मला काम देत नव्हते, ते पायामुळे नाही. खाली बसून करायचीही कामं असतात. तीन पोरींचा एकटा बाप, हा कधी घरी पळेल नेम नाही, असं म्हणायचे. जिथे गेलो तिथे आधी पोरी मोजल्या." त्याने वेणीला शेवटची गाठ मारली. "या घरात कोणी मोजत नाही असं वाटलं होतं. तर तसं नव्हतं, एवढंच. जा, झोपा तुम्ही. तुमची उद्या परीक्षा."

थोरलीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेपुढे तिला उभं राहवेना.

सकाळी घर जागं व्हायच्या आत तिने गवंड्याच्या दारावरची शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली. मग गुरं बांधायचा लांब दोर काढला आणि अंगणात बसून त्याला हातहात अंतरावर गाठी मारायला लागली.

थोड्या वेळाने गवंड्याचा आवाज आला. "शिट्टी कुठे गेली? कुणी घेतली शिट्टी?" तो एक बाही घातलेली, एक मोकळी असा अंगणात आला आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिला. "द्या इकडे. राखण माझी आहे."

"आज माझी."

"तुमची परीक्षा आहे!"

"आहे. तुमचीही आहे."

"आणि पोरं?"

"नेते बरोबर. एकेक गाठ एकेकाच्या हातात."

"परीक्षेला? डोकं ठिकाणावर आहे का ताई?"

"शंभर गुरं राखलीत मी माळावर. ही तर नुसती पोरं आहेत, शिंगंसुद्धा नाहीत." एव्हाना उठून आलेली पोरं खिदळली. ती हसली नाही. "भाऊ, मी तुमच्या पाया पडायचीही लाज ठेवणार नाही. जा. माझ्यामुळे तुमची खोली गेली तर मला माझ्या खोलीत झोप लागायची नाही."

"पण हिशेब..."

"हिशेब गेला खड्ड्यात!"

दारातून मावशींचा आवाज आला. "राखणीच्या वेळी पोरं फाटकाबाहेर न्यायची नाहीत, असा नियम आहे." मावशी काठी टेकत पायरी उतरल्या. "म्हणून मी बरोबर येतेय. गुडघे बोलायला लागले तर मीही दोरीला धरीन."

गवंडी तसाच उभा होता. मग थोरलीने त्याची हत्यारांची पिशवी आणून त्याच्या हातात दिली आणि मोकळी बाही त्याच्या हातात चढवली. तो एकदा लेकींकडे, एकदा दोरीकडे बघत फाटकाबाहेर पडला. त्याचा एक पाय आखूड होता, पण त्या सकाळी त्याला गाठायला सायकल लागली असती.

रस्त्याने वरात निघाली. पुढे ती, कडेवर शेजारणीचं तान्हं, मागे गाठी धरलेली पोरं, शेपटाला थोरली, आणि सगळ्यांच्या मागे मावशी आणि त्यांची काठी. लोक दारात येऊन बघत होते. तिने पदर खोचला आणि नजर समोर ठेवली.

दवाखान्याच्या आवारात बाहेरगावचे परीक्षक खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरांनी दोरी बघितली आणि रुमालाने तोंड झाकलं. परीक्षकांना काही हसू आलं नाही.

"बाई, परीक्षा द्यायची आहे की बालवाडी भरवायची आहे?"

बाकीचे शिकाऊ खो खो हसले. दिराच्या अंगणात खोरं उचललं तसं आताही मुकाट्याने मागे फिरावं, असं एक क्षण वाटलंही. पण गळ्यात शिट्टी होती.

"परीक्षाच द्यायची आहे साहेब. पोरं कुंपणाबाहेर बसतील."

"आणि या गोंगाटात जनावर बुजलं तर? गुण तुमचे जातील, माझे नाही."

"कालवड अजून आत आहे ना साहेब? थांबा जरा." ती कुंपणापाशी गेली आणि आखूड शिट्टी वाजवली. पोरं टपाटप खाली बसली. तोंडावर बोटं. इतकी शांतता झाली की पलीकडे पत्र्यावर कावळा चालल्याचं ऐकू आलं.

कालवड बाहेर आली. अंगाने भरलेली, डोळे पांढरे करणारी. तिने दावं आखूड धरलं, कालवडीच्या गळ्याखाली खाजवत, तोंडाने च् च् करत तिला खोड्यात घेतलं. आडवा दांडा सरकवला. ताप बघितला, सांगितला. कातडी चिमटीत धरली आणि तेवढ्यात कुंपणाबाहेर मावशींकडे दिलेल्या तान्ह्याने भोकाड पसरलं. कालवडीने अंग झाडलं, सुई हातातून उडून मातीत पडली.

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. ती खाली वाकली नाही. "दुसरी सुई द्या," तिने शांतपणे सांगितलं. मोकळा हात तिने कालवडीच्या मानेवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. तान्हं मावशींच्या खांद्यावर गप्प झालं. कालवडीचा श्वास खाली बसला, तिचाही बसला. मग तिने सुई घातली, औषध गेलं, सुई निघाली.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "पडलेली सुई उचलून तीच वापरणारे सकाळपासून दोघे बघितले. ठीक आहे. पुढच्या वेळी मात्र पोरं आणू नका."

"पुढची वेळ येणार आहे का साहेब?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला येईल? पास झाल्या ना."

पोरांना कुणी वाजवायला सांगितलं नव्हतं, पण टाळ्या वाजल्या. कालवडीने खोडा हादरवला. कुंपणापाशी येऊन ती मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मावशी म्हणाल्या, "पुरे गं, त्या खांद्यावर आधीच एक तान्हं आहे."

पण घरी येऊन फाटक उघडलं आणि तिचा आनंद फाटकातच राहिला. गवंडी आला नव्हता. दुपार कलली. भात खाऊन पोरं झोपली, उठली. नर्सबाई आली, हातपाय धुऊन तीही ओसरीवर येऊन बसली. गवंड्याच्या तिघी फाटकाला लटकून उभ्या होत्या. ती उगाचच अंगण झाडत होती, झाडलेलंच पुन्हा झाडत होती.

ऊन पिवळं झालं तेव्हा धाकटी ओरडली, "बाबा!" रस्त्याच्या वळणावर ती एक खाली एक वर अशी चाल दिसली. तो आला. बोटं व्हार्निशने काळी, शर्टाला तारेचे ओरखडे. ओसरीच्या पायरीवर बसला, पाय लांब केला.

"बाबा, काय झालं?" थोरलीने विचारलं.

"फिरली," तो म्हणाला.

"काय?"

"मोटार गं. पहिल्यांदा नुसती गुरगुरली. मास्तर म्हणाले, झालं, गेली. मी पुन्हा सोडवली, एक जोड उलटा पडला होता. तो बदलला, बटण दाबलं आणि फिरली! अशी फिरली की मास्तरांचे कागद उडाले." आणि तो काळ्या हातांनी तोंड झाकून हसायला लागला. बोटांमधून पाणी गळत होतं, ते हसण्याचं होतं की कशाचं, कुणी विचारलं नाही. तिघी त्याच्या अंगावर पडल्या. नर्सबाईने पदर डोळ्यांना लावला. झाडू टाकून ती पायरीवर बसली आणि आपल्याला सकाळपासून भूक लागली आहे हे तिला तेव्हा कुठे कळलं.

जरा वेळाने गवंडी तिच्याजवळ आला. चेहऱ्यावर काळ्या बोटांचे पट्टे तसेच होते. "तुमचं काय झालं?"

"पास."

"वा! मग आता शिट्टी द्या. हिशेबाने माझा एक दिवस..."

"भाऊ, तो हिशेब माझ्या दिराचा होता. मी उगाच इकडे आणला." तिने गळ्यातली शिट्टी काढली आणि नर्सबाईच्या दाराला लावली. "दारं मोजायची. पहिल्यासारखी."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तुमच्या खोलीतलं दिव्याचं बटण कधीपासून ढिलं आहे. पोरगी हात लावते. आणतो पेचकस."

हिवाळा सरला, साथ ओसरली. दवाखान्यामागच्या खोलीला चुना लागला. ज्या दिवशी तिची पत्र्याची पेटी हातगाडीवर चढली, त्या दिवशी मावशींनी जुळ्यांच्या आईला निरोप धाडला. ती दोन कडेवर दोन पोरं आणि डोक्यावर बोचकं घेऊन घाईघाईने आली. मिळालेली खोली मध्येच कुणी काढून घेईल अशी तिची नजर होती. मावशींनी अटी सांगितल्या. शिट्टीचं सांगितलं.

ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखी ती म्हणाली, "मला दोन आहेत. मग माझी राखण किती दिवस?"

गवंडी ओसरीवर कुणाचीतरी पंपाची मोटार खोलून बसला होता. गिऱ्हाइकं आता त्याला शोधत इथे यायला लागली होती. त्याने वर बघितलं आणि हातगाडीपाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं. सांगायचं तिनेच, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

तिने खोलीची किल्ली त्या बाईच्या पदराला बांधली. "दार किती तुम्हाला?"

"दार? एकच की."

"मग दिवसही एकच."

त्या बाईने डोक्यावरचं बोचकं उतरवलं आणि कडेवरची दोन्ही पोरं अंगणात सोडली.